नांगर

मराठीत नांगर दोन आहेत. एक शेतात चालतो, दुसरा समुद्रात बुडतो. एक जमीन चिरत पुढे जातो, दुसरा होडीला जागच्या जागी धरून ठेवतो. मी वसईची, त्यामुळे दोन्ही लहानपणीच पाहिले. एक आमच्या पडवीत भिंतीला टेकवलेला असायचा, दुसरा पाचूबंदरला ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होडीत. इतक्या वेगळ्या वस्तूंना एकच नाव कसं, असं मी एकदा बाबांना विचारलं. ते शेतकरी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "दोघांचंही काम रुतल्याशिवाय होत नाही."

भाषेचे जाणकार वेगळं सांगतात. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'चा वंशज आणि होडीचा नांगर फारसी 'लंगर'चं रूप, असं मानलं जातं. एक शब्द जमिनीवरून आला, एक पाण्यावरून, आणि मराठीच्या तोंडी बसता बसता दोघे एक झाले. हे कळलं तेव्हा मी चकित झाले होते. त्याहून मोठं नवल पुढे होतं. बायबलच्या नव्या करारात आशेबद्दल बोलताना हे दोन्ही नांगर आले आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशा म्हणजे जिवाला धरून ठेवणारा गलबताचा नांगर. आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं, अशा अर्थाचं वाक्य आहे. मूळ ग्रीकमध्ये हे शब्द निरनिराळे आहेत. मराठी वाचकाला मात्र ते एकाच शब्दात सापडतात.

रोममधल्या प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या कबरी आहेत. तिथे जागोजागी नांगर कोरलेला दिसतो, माशाच्या चित्राच्या सोबतीने. माणूस गेला, त्याला मातीत ठेवलं आणि वर काय कोरलं, तर रुतण्याचं अवजार. मला वाटतं, आशा या गोष्टीचं इतकं नेमकं चित्र क्वचित कुणी काढलं असेल.

कारण मराठीत 'आशा' या शब्दाची पत तशी बरी नाही. आशाळभूत नजर, वेडी आशा, आशेला लागणं. डॉक्टर आशा सोडतात तेव्हाच आपल्याला तिची आठवण होते. संतांनी तर आशा आणि तृष्णा यांची जोडी बांधून दोघींना दाराबाहेर काढलं, आणि त्यांच्या परीने ते योग्यच होतं, कारण ते ज्या आशेबद्दल बोलत होते ती म्हणजे हाव, पुढचं काहीतरी हवं असण्याची खाज. आम्ही ख्रिस्ती मात्र विश्वास, आशा आणि प्रीती अशी तिघांची नावं एका दमात घेतो. तिथल्या आशेला मराठीतला जवळचा शब्द 'वाट पाहणं' हा असावा. वाट पाहणाऱ्याला कोण येणार हे ठाऊक असतं. कधी, ते ठाऊक नसतं. आणि तोवर घर झाडून ठेवायचं असतं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. गेल्या तीन वर्षांत ते नुसतं माहीत असून भागेना. आमच्याकडे जे झालं ते कुठल्याही घरात होतं. आई गेली. वाडीच्या वाटण्या झाल्या, केळीची बाग गेली, घर पाडलं आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. मुलगी कॅनडाला गेली. मी शाळेतून निवृत्त झाले. यातलं कुठलंच संकट नव्हे, पण सगळं एकदम सरकलं. पहाटे जाग आली की मला विहिरीवरचा आवाज ऐकू यायचा आणि मग लक्षात यायचं की विहीर आता आपल्या खाली, पार्किंगच्या फरशीखाली आहे.

बाबांना रात्री झोप येत नाही. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याबरोबर मीही जागी असते, आणि त्या जागरणात माझं एक जुनं वेड कामी आलं. कॉलेजात असताना मला फिल्म सोसायटीचं वेड लागलं होतं. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी जगभरातले कलात्मक चित्रपट मराठी माणसासमोर आणले. त्या हवेत वाढलेली आमची पिढी. तेव्हा मी ते चित्रपट डोक्याने पाहिले होते. आता एका रात्री, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, मी टीव्हीवर एक जुना फ्रेंच चित्रपट लावला. खालची अक्षरं वाचून बाबांना मराठीत सांगू लागले. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

तो चित्रपट रोबेर ब्रेसाँचा होता, १९५६चा. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'मृत्यूची शिक्षा झालेला एक जण निसटला'. पुढे उपशीर्षक आहे, ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या वाऱ्याच्या उल्लेखातून घेतलेलं. म्हणजे दिवे मालवायच्या आधीच शेवट सांगून टाकलाय. तोही भूतकाळात. निसटेल की नाही, हा प्रश्नच नाही. निसटलाय.

मी बाबांना नाव सांगितलं तर ते म्हणाले, "मग बघायचं काय?"

दीड तासाने ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

गोष्ट खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात आंद्रे दविन्यी हा फ्रेंच अधिकारी १९४३ मध्ये लियाँ शहरातल्या माँलुक तुरुंगातून निसटला. ब्रेसाँ स्वतः त्या युद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. त्याने खऱ्या माँलुक तुरुंगात चित्रण केलं आणि दविन्यीला सल्ल्यासाठी शेजारी ठेवलं. नायकाच्या, म्हणजे फोंतेनच्या भूमिकेत त्याने नट घेतला नाही. फ्रांस्वा लतेरिए नावाचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी घेतला. त्याच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही. आणि इथेच नवल आहे. चेहरा बोलत नाही म्हणून आपण हात बघू लागतो. चित्रपटाची सुरुवातच हातांपासून होते. गाडीतून नेल्या जाणाऱ्या कैद्याचे हात दाराची मूठ चाचपडताहेत.

त्या हातांना एक लोखंडी चमचा सापडतो. कोठडीचं दार जाड फळ्यांचं, पण फळ्या जिथे सांधल्या आहेत तिथलं लाकूड मऊ. फोंतेन चमच्याचा दांडा जमिनीवर घासून त्याची पटाशी करतो आणि दिवसामागून दिवस ते लाकूड कोरत राहतो. भुसा गोळा करतो, दाराखालून बाहेर गेलेला कण न् कण ओढून घेतो. पलंगाच्या जाळीची तार आणि घोंगडीच्या चिंध्या वळून दोर करतो. "धार कशावर लावली? फरशीवर?" बाबा मध्येच. मी हो म्हटलं. "लागते," ते म्हणाले, आणि पुन्हा बघू लागले. दोराचा पीळ बघताना त्यांचीही बोटं मांडीवर फिरत होती.

ब्रेसाँ ही आशा दाखवतो कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. तो ती ऐकवतो. कोठडीत कॅमेरा अडकलेला, भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, पण रेल्वेची शिट्टी ऐकू येते, रस्त्यावरची पोरं ऐकू येतात, ट्राम ऐकू येते. बाहेरचं जग आहे याचा पुरावा कानाला मिळतो, डोळ्याला नाही. पळून जातानाही तसंच. छपरावर खडी पसरलेली, पाऊल टाकलं की वाजणार. मग फोंतेन आणि त्याचा साथीदार थांबतात आणि दूरवरून रेल्वेगाडी आली की तिच्या खडखडाटात पावलं टाकतात. एका ठिकाणी अंधारातून कसलीतरी कुरकुर येत राहते, काय आहे ते उमगत नाही. पुढे कळतं की दोन भिंतींच्या मध्ये पहारेकरी सायकलवरून फेऱ्या मारतोय. न दिसणाऱ्यावर कान लावून पाऊल टाकणं, हेच पौलाने रोमकरांना लिहिलंय: जे दिसतंय त्याची आशा कोण करील? मी हा अध्याय शेकडो वेळा वाचला असेन. तो पायाखालच्या खडीत मला पहिल्यांदा ऐकू आला.

मोझार्टच्या सी मायनर मिस्सेतला, त्याने अपुऱ्याच ठेवलेल्या त्या मोठ्या रचनेतला, 'किरिये' म्हणजे 'प्रभू दया कर' हा भाग या चित्रपटात थोड्याच वेळा येतो. आणि तो कुठे वाजतो? कैदी आपापल्या घाणीच्या बादल्या रिकाम्या करायला अंगणात रांगेने चालतात तेव्हा. आमच्या उपासनेत दया मागण्याची प्रार्थना अगदी आरंभी येते. ब्रेसाँने ती बादल्यांच्या रांगेवर ठेवली, आणि ती रांग एकाएकी मिस्सेच्या रांगेसारखी दिसू लागते.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटला तो शेजारच्या कोठडीतला म्हातारा, ब्लाँशे. त्याने जगणं सोडून दिलंय. फोंतेनची खुडबूड त्याला नकोशी वाटते, उगाच सगळ्यांना शिक्षा होईल म्हणून. मधल्या काळात ओर्सिनी नावाचा एक कैदी पळायचा प्रयत्न करतो, फसतो, पकडला जातो. मृत्यूला सामोरं जाण्याआधी तो फोंतेनला आपली चूक सांगून जातो: नुसता दोर पुरत नाही, आकडे हवेत. त्याच्या फसण्यावर फोंतेनची सुटका उभी आहे, आणि हे पहिल्यांदा उच्चारतो तो ब्लाँशे. मग तोच आपली घोंगडी दोरासाठी देऊन टाकतो. स्वतः पळणार नाही, तरी देतो. अखेरच्या दिवसांत कोठडीत एक सोळा वर्षांचा पोर ढकलला जातो, अंगात अर्धा जर्मन, अर्धा फ्रेंच गणवेश. हेर असेल का? याला मारायचं की बरोबर घ्यायचं? फोंतेन बरोबर घेतो. आणि भिंतीपाशी पोहोचल्यावर त्याला कळतं की एकट्याने ही भिंत कदाचित चढलीच नसती.

नाव आधीच सांगून ठेवल्याचा अर्थ मला तिथे लागला. ख्रिस्ती माणसाची स्थिती हीच आहे. पुनरुत्थानाच्या रविवारानंतर शेवट जाहीर झालेला आहे, शीर्षकात छापलाय. तरीही दार चमच्यानेच कोरायचं आहे.

दुसरा चित्रपट लावायला मी बरेच दिवस घेतले, कारण त्यात घरातली एक बाई मरते, आणि आईला जाऊन दोनच वर्षं झाली होती. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर याचा १९५५चा 'ऑर्डेट'. डॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'शब्द'. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीत येतो तोच शब्द. मूळ नाटक काय मुंक यांचं. ते जुटलँडमधल्या व्हेडेर्सो या खेड्याचे लुथेरन पाळक होते. नाझींविरुद्ध उघड बोलत राहिले म्हणून ४ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने त्यांना ठार केलं. ड्रायरने ते नाटक १९३२ मध्ये रंगमंचावर पाहिलं होतं. तेव्हापासून वीस वर्षांहून अधिक काळ त्याने ते मनात जपलं आणि मग मुंक ज्या गावाचे पाळक होते त्याच गावात जाऊन बाहेरचं चित्रण केलं.

बोर्गेन नावाचं शेतकरी घर. म्हातारा बाप मोर्टेन, तीन मुलगे. थोरल्या मिकेलचा देवावर विश्वास नाही. मधला योहानेस धर्मशास्त्र शिकता शिकता भ्रमिष्ट झालाय, स्वतःला ख्रिस्त समजतो आणि खिडकीत मेणबत्त्या लावतो. धाकट्याला गावातल्या शिंप्याची मुलगी आवडते, पण शिंपी दुसऱ्या, अधिक कडक पंथाचा. दोन्ही बापांचं धर्मावरून वाकडं. या सगळ्यांना एका छपराखाली बांधून ठेवणारी मिकेलची बायको इंगेर. ती गरोदर आहे. कॉफी ओतते, सासऱ्याची समजूत काढते, पिठात हात घालते.

ड्रायरच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली जाते. त्याने आधी खऱ्या शेतकरी घरातल्यासारखं भरगच्च स्वयंपाकघर उभं करायला सांगितलं आणि मग एकेक वस्तू काढून टाकायला सुरुवात केली. उरल्या मोजक्या वस्तू. त्यामुळे पडद्यावर जे भांडं दिसतं ते असं दिसतं की जणू पहिल्यांदाच भांडं पाहतोय. दोन तासांहून थोड्याच मोठ्या या चित्रपटात सगळे मिळून सुमारे ११४च शॉट आहेत. आजकालच्या चित्रपटात हजारोंनी असतात. कॅमेरा घाई करत नाही, माणसांच्या मागून संथपणे सरकतो, खोलीत कोण कुठे उभं आहे हे आपल्या अंगात मुरवतो. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. आणि मग कळतं की त्या कंटाळ्यातूनच त्याने आपल्याला त्या घरात राहायला आणलंय. आता त्या घरात जे होईल ते आपल्या घरात होणार.

एक प्रसंग मी परत परत मागे नेऊन पाहिला. आतल्या खोलीत इंगेरला कळा सुरू आहेत, बाळंतपण बिघडलंय. बाहेर तिची छोटी मुलगी योहानेसपाशी येते. आई मरणार का, विचारते. मेली तर तू तिला उठवशील ना? तिच्या आवाजात भीती नाही. उद्या सुट्टी आहे ना, असं विचारावं तसं विचारते. कॅमेरा त्या दोघांभोवती फिरत राहतो, पण एकाच वेळी उलट दिशेने वळतही राहतो. परिणाम असा की काका-पुतणी आपल्यासमोर स्थिर आणि मागची भिंत, दार, अंधार हलतोय. जग फिरतंय आणि ती दोघं रुतलेली. मला इथे प्रिसिलाच्या कबरीवरचा नांगर आठवला.

आणि त्या कळांचा आवाज. इंगेरची भूमिका करणारी बिर्गिटे फेडरश्पील चित्रण चालू असताना खरोखरच गरोदर होती. तिच्या स्वतःच्या प्रसूतीच्या वेळचे आवाज तिच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केले गेले आणि चित्रपटात वापरले. म्हणजे पडद्यावर ज्या आवाजाने बाळ मरतं, त्याच आवाजाने पडद्यामागे एक खरं मूल जगात आलंय. हे समजल्यावर मला तो प्रसंग पूर्वीसारखा बघता आलेला नाही.

इंगेर मरते. कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ थांबवतं. शवपेटी दिवाणखान्यात, पडद्यांतून पांढरा उजेड. शिंपी येतो, मोर्टेनचा हात धरतो, आपली मुलगी देऊ करतो. जे दोन तास जुळत नव्हतं ते एका बाईच्या शवापाशी जुळतं. साधारण दिग्दर्शक इथे थांबला असता, आणि चित्रपट चांगलाच झाला असता. बाप मिकेलचं सांत्वन करतो की तिचा आत्मा देवाकडे गेलाय. मिकेल म्हणतो, मला तिचं शरीरही प्रिय होतं.

हे वाक्य मराठी वाचकाला नीट सांगायला हवं, कारण ख्रिस्ती आशेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच फिटतो. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा टाकून द्यायचा, ही समजूत आपल्या मातीत इतकी मुरली आहे की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मनातही तीच असते. पण आमच्या मतांगिकारात, विश्वासाच्या त्या जुन्या घोषणेत, शेवटी शेवटी येतं ते देहाचं पुनरुत्थान. ज्या हातांनी भाकऱ्या थापल्या ते हात. मिकेल अश्रद्ध आहे, पण शोकात तो चुकून मतांगिकारच म्हणून जातो.

मग योहानेस परत येतो, आता शुद्धीवर. छोटी मुलगी त्याचा हात धरते, घाई कर म्हणते. तो बोलतो आणि इंगेरची बोटं हलतात. संगीताचा कल्लोळ नाही, प्रकाशाचा झोत नाही. बोटं हलतात, डोळे उघडतात, ती मिकेलला बिलगते आणि त्याचं चुंबन घेते, भुकेल्यासारखं. आणि धाकटा मुलगा जाऊन घड्याळ पुन्हा चालू करतो. टिकटिक ऐकू येऊ लागते. चमत्काराच्या पाठोपाठ ड्रायरला दाखवावंसं वाटलं ते हे: वेळ पुन्हा लागू झाली, उद्या सकाळी कॉफी करायची आहे.

बाबा काही बोलले नाहीत. मी पुनरुत्थानावर विश्वास ठेवते आणि तरीही आई उठून आलेली नाही. चित्रपटाने मला आई परत दिली असं मी म्हणणार नाही. त्याने इतकंच केलं की मला काय मागायची परवानगी आहे ते दाखवलं. आईची आठवण, आईची शिकवण, आईची पुण्याई, या गोष्टींवर मी समाधान मानायला शिकत होते. मिकेलने ते मानलं नाही. आता कबरस्तानात जाते तेव्हा मी आईच्या हातांसाठी प्रार्थना करते, त्यांच्या सांध्यांसाठी, अंगठ्यावरच्या विळीच्या जुन्या खुणेसाठी.

'ऑर्डेट'नंतर बत्तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, गॅब्रिएल आक्सेल या दिग्दर्शकाने 'बाबेटची मेजवानी' काढला. कॅरन ब्लिक्सेनच्या कथेवरचा. कथा नॉर्वेत घडते. आक्सेलने ती जुटलँडच्या किनाऱ्यावर आणली, म्हणजे 'ऑर्डेट'च्याच परिसरात. दोन म्हाताऱ्या बहिणी, मार्टिने आणि फिलिप्पा. नावं मार्टिन लुथर आणि फिलिप मेलांक्थॉन यांच्यावरून. यातली मार्टिने झालीय तीच बिर्गिटे फेडरश्पील. शवपेटीतून उठलेली तरुणी इथे पांढऱ्या केसांची झाली आहे, माशाचं कालवण ढवळते आहे. ड्रायरच्या 'क्रोधाचा दिवस'ची नायिका लिस्बेथ मोविनही गावातल्या म्हाताऱ्यांत बसलेली दिसते. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते टीव्हीजवळ जाऊन वाकून पाहू लागले. "तीच ही?" मग बराच वेळ म्हणत राहिले, "म्हातारी झाली. बरं झालं."

पॅरिसमधल्या १८७१च्या रक्तपातातून पळून आलेली बाबेट या बहिणींकडे स्वयंपाकीण म्हणून राहते. पुढे तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि ती सगळी रक्कम एका जेवणात घालते. पंथातली मंडळी आधीच ठरवून आलेली की चवीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण कासवाचं सूप येतं, पेस्ट्रीच्या 'शवपेटी'त ठेवलेले लावे येतात, आणि जुनी भांडणं जिभेवर विरघळू लागतात. रात्री बाहेर पडल्यावर ती म्हातारी माणसं विहिरीभोवती हात धरून फेर धरतात. शेवटी बाबेटकडे पैसा उरत नाही. आमच्या वाडीचे पैसे आले तेव्हा भावंडांत जे काही बोलणं झालं होतं, ते मला या जेवणासमोर आठवलं आणि मी मान खाली घातली. त्या आठवड्यात मी धाकट्या भावाला जेवायला बोलावलं. लावे नव्हते, तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबील होते. फेरही धरला नाही कुणी. तो आला आणि रात्री अकरापर्यंत बसला, एवढंच.

आंद्रे तार्कोव्हस्कीचा 'द सॅक्रिफाइस' आम्ही दोन रात्रींत पाहिला, एका बैठकीत बाबांना झेपेना. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर चित्रित केलेला हा त्याचा शेवटचा चित्रपट, १९८६चा. त्यात अणुयुद्धाची छाया आहे, नवस आहे, पेटतं घर आहे. ते घर जाळण्याचा प्रदीर्घ शॉट पहिल्यांदा कॅमेरा बिघडल्याने वाया गेला, म्हणून घर पुन्हा बांधून पुन्हा जाळावं लागलं. पण बाबा अडकले ते अगदी सुरुवातीला. समुद्रकाठी एक बाप आपल्या लहान मुलाच्या मदतीने वाळलेलं झाड रोवतोय. मुलाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झालीय, तो बोलू शकत नाही. बाप त्याला एका संन्याशाची गोष्ट सांगतो. त्याने डोंगरावर वाळकं झाड लावलं आणि शिष्याला रोज बादलीभर पाणी घालायला सांगितलं. तीन वर्षं शिष्य पाणी वाहत राहिला. एके दिवशी वर चढून पाहतो तर झाड फुलांनी डवरलेलं.

चित्रपटाच्या शेवटी बापाला घेऊन गेले आहेत आणि तो छोटा मुलगा एकटा, त्याच्या अंगापेक्षा जड बादल्या उचलून त्या झाडापर्यंत नेतो. मग झाडाखाली आडवा होतो आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटतात. तो विचारतो ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीबद्दल, त्या आरंभीच्या शब्दाबद्दलच. ड्रायरने ज्याला शीर्षक केलं तो शब्द इथे लेकराच्या तोंडी प्रश्न होऊन येतो. कॅमेरा वाळक्या फांद्यांवरून वर जातो. फुलं येत नाहीत. मागे समुद्र चमकत असतो, आणि त्या चमकीत क्षणभर वाटतं की आली.

हा चित्रपट तार्कोव्हस्कीने आपल्या मुलाला आशेने आणि भरवशाने अर्पण केला आहे. चित्रण झालं त्या १९८५च्या उन्हाळ्यात मुलगा सोव्हिएत संघात होता, त्याला बाहेर पडू देत नव्हते. वडिलांना कर्करोग झाल्याचं निदान झाल्यावर जानेवारी १९८६ मध्ये त्याला पॅरिसला येऊ दिलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला तार्कोव्हस्की वारला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. माझी मुलगी टोरांटोला असते आणि रोज फोनवर दिसते, त्यामुळे मी तुलना करणार नाही. पण न भेटणाऱ्या मुलाच्या हाती बादली देऊन ठेवण्याची कल्पना मला त्या रात्री झोपू देईना.

आमच्या गॅलरीत एक निळं प्लास्टिकचं पिंप आहे, अर्धं कापलेलं. त्यात बाबांनी चाफ्याची फांदी लावली आहे. वाडीतल्या चाफ्याची, झाड तोडायच्या आदल्या दिवशी कापून आणलेली. हाताच्या मनगटाएवढी जाड, राखाडी, टोकाला बोथट. चाफ्याची फांदी बरेच दिवस अशीच राहते, मेलेली की जिवंत ते वरून सांगता येत नाही, आणि जास्त पाणी घातलं तर कुजते. म्हणून बाबा मोजून घालतात, एक दिवसाआड, तांब्याने. मागचा पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी एकदोनदा म्हटलं, बाबा, नर्सरीतून दुसरं रोप आणू. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तार्कोव्हस्कीच्या दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते गॅलरीत खाली बसलेले होते. गुडघे दुखतात, तरी. हातात स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा चमचा, दांडा पुढे धरलेला. पिंपातली माती ते बुंध्यापासून अंतर ठेवून गोल गोल उकरत होते, फार खोल नाही, फार उथळ नाही.

"कॉफीचा चमचा चालला असता का हो?" मी विचारलं.

"तो वाकेल," ते म्हणाले. "हा बरोबर रुततो."